गोळी चालू आहे, तरी आकडा का चढतोय?

पत्र

माझे वडील ५६ वर्षांचे. आम्ही वाळवा तालुक्यातले, घरची ऊस-सोयाबीनची शेती आहे. पावणेदोन वर्षांपूर्वी बाबांना सीएमएल हा रक्ताचा कर्करोग निघाला. तेव्हापासून इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज चालू आहे. बीसीआर-एबीएलचे रिपोर्ट असे आले: तिसऱ्या महिन्यात ६.२ टक्के, सहाव्यात ०.८, बाराव्यात ०.०९. डॉक्टर खूश होते. मग पंधराव्या महिन्यात ०.३, अठराव्यात १.१ आणि आता एकविसाव्यात ३.४. ‘पेशी औषधाला दाद देत नाहीत, म्युटेशनची तपासणी करू,’ असं डॉक्टर म्हणाले. सीबीसी अगदी नॉर्मल आहे, बाबा रोज रानात जातात. मधुमेह आहे. मधे मानेतल्या गाठीचा टीबी निघाला होता, गावच्या आरोग्य केंद्रातून सहा महिन्यांचा कोर्स घेतला, तो संपून दोन महिने झाले. सोमवार आणि एकादशी करतात, त्या दिवशी गोळी कधी कधी राहते. चुलतभाऊ म्हणतो, स्वस्तातली गोळी घेतली म्हणून असं झालं. काका म्हणतात, रोज दोन गोळ्या द्या. तपासणीचे पैसे जमेपर्यंत गोळी बंद ठेवली तर चालेल का? आणि औषधाची ‘सवय होते’ म्हणजे नक्की काय होतं?

— एक वाचक, जि. सांगली

उत्तर

ताई, गोळी बंद ठेवू नका. एक दिवससुद्धा नाही. औषध थांबलं की आजार जोर धरतो हे तर आहेच, पण ज्या तपासणीसाठी थांबायचं म्हणता तीच तपासणी त्यामुळे वाया जाईल. औषधाचा अंमल असतो तोवर त्याला न जुमानणाऱ्या पेशीच वाढत असतात, त्यामुळे रक्ताच्या नमुन्यात त्यांचं प्रमाण जास्त भरतं. गोळी थांबली की साध्या, न बदललेल्या पेशी भराभर वाढतात आणि बदललेल्या पेशी त्या गर्दीत हरवतात. नेहमीच्या सँगर पद्धतीच्या तपासणीला जनुकातला एखादा बदल, म्हणजे म्युटेशन, दिसायला तो नमुन्यात १५ ते २० टक्के तरी असावा लागतो. त्याखाली गेला की रिपोर्टवर ‘म्युटेशन आढळले नाही’ असं येतं आणि पुढचं औषध चुकीचं निवडलं जातं. म्हणून रक्त देण्याच्या दिवशीही गोळी चालूच हवी.

आता आकड्यांबद्दल. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात अदलाबदल होतात. आखूड झालेलं २२ वं गुणसूत्र १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना दिसलं, आणि ही अदलाबदल आहे हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. या जोडणीतून बीसीआर-एबीएल नावाचं जनुक तयार होतं. त्याचं प्रथिन पेशीला वाढत राहण्याचा हुकूम अखंड देत बसतं. त्या प्रथिनात एक खाच असते, तिथे इमॅटिनिब जाऊन बसलं की हुकूम थांबतो. तुमच्या रिपोर्टातला टक्का त्या जनुकाची नक्कल रक्तात किती उरली ते सांगतो, उपचाराआधीची प्रमाण पातळी १०० धरून.

युरोपियन ल्युकेमियानेट या रक्ताच्या कर्करोगावरच्या तज्ज्ञांच्या गटाच्या २०२० च्या निकषांप्रमाणे हा आकडा तिसऱ्या महिन्यात १० किंवा त्याखाली, सहाव्यात १ किंवा त्याखाली आणि बाराव्यात ०.१ किंवा त्याखाली हवा. बाबांनी हे तिन्ही टप्पे पार केले होते. म्हणजे पहिल्या वर्षी औषध पेशींपर्यंत पोचत होतं, कामही करत होतं. पुढे केव्हाही आकडा १ च्या वर गेला की आहे तो उपचार पुरा पडत नाही असं मानतात. मोजणीतच दोन-तीन पटींचा फरक पडू शकतो, म्हणून नुसता ०.०९ चा ०.३ झाला असता तर आम्ही म्हटलं असतं, महिन्याभरात पुन्हा बघा. पण सलग तीन रिपोर्ट चढते आहेत आणि नऊ महिन्यांत आकडा सुमारे ३८ पट झाला आहे. ही लॅबची चूक नाही.

सीबीसी नॉर्मल आहे, बाबा रानात जातात, याचं समाधान जरूर माना, पण त्यावर निर्णय सोडू नका. पांढऱ्या पेशी वाढायला, प्लीहा फुगायला पुढे काही महिने लागू शकतात. बीसीआर-एबीएलची तपासणी त्याच्या कितीतरी आधी सांगते, आणि म्हणूनच ती दर तीन महिन्यांनी करतात. तुमच्या डॉक्टरांनी बदल वेळेत पकडला आहे. हाताबाहेर काही गेलेलं नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: टीबीचा कोर्स. त्यात रिफॅम्पिसिन असतं. हे औषध यकृतातल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमला चेतवतं, आणि इमॅटिनिबची विल्हेवाट लावणारं एन्झाइम मुख्यतः तेच. निरोगी माणसांवर केलेल्या अभ्यासात रिफॅम्पिसिन चालू असताना रक्तातलं इमॅटिनिब सुमारे तीन चतुर्थांशाने घटलं. म्हणजे बाबा रोज ४०० ची गोळी गिळत होते, पण शरीराला मिळत होतं जेमतेम १०० मिलिग्रॅमइतकं. तुमच्या हिशेबाने हा कोर्स साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात झाला. आकडा पहिल्यांदा चढला पंधराव्या महिन्यात. वेळ जुळते.

टीबीचा उपचार घेतला हे चुकलं असं मुळीच समजू नका, तो पूर्ण होणं गरजेचंच होतं. फक्त ही दोन औषधं बरोबर चालतात तेव्हा त्यांचा मेळ घालावा लागतो. एकतर इमॅटिनिबचा डोस किमान निम्म्याने वाढवून आकड्यावर बारीक लक्ष ठेवतात, किंवा टीबीच्या डॉक्टरांशी बोलून रिफॅम्पिसिनऐवजी यकृताला कमी चेतवणारं रिफाब्युटिन घेता येतं का ते पाहतात. हे करायचं तर रक्ताच्या डॉक्टरांना टीबीचं आणि आरोग्य केंद्राला इमॅटिनिबचं माहीत असायला हवं. दोन ठिकाणचे उपचार, दोन वेगळ्या फायली, त्यात ही गोष्ट निसटते. टीबीच्या उपचाराचं कार्ड शोधा, कोर्स सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख त्यावर असेल, आणि ते पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा. इतर कोणी वाचक सीएमएलसोबत फिटची औषधं घेत असतील, म्हणजे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा फिनोबार्बिटॉन, तर त्यांनाही हेच लागू आहे.

मग सगळा दोष रिफॅम्पिसिनवर टाकून गप्प बसायचं का? नाही. कोर्स संपल्यावर साधारण दोन आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येतं. नुसती औषधाची तूट हेच कारण असेल, तर आता इमॅटिनिब पुन्हा पुरेसं मिळू लागल्यावर आकडा खाली यायला हवा. एकविसाव्या महिन्याचा ३.४ दोन प्रकारे वाचता येतो. कदाचित एकोणिसाव्या महिन्यात आकडा पाचावर गेला असेल आणि आता उतरत असेल. किंवा तुटीच्या त्या सहा महिन्यांत बदललेल्या पेशींना फावलं आणि आता औषध पुरेसं असूनही त्या वाढताहेत. एका आकड्यावरून हे सांगता येत नाही. म्हणून आमचं स्पष्ट मत असं: तीन महिने थांबू नका. आकड्याची तपासणी लगेच पुन्हा करा आणि त्याच वेळी काढलेल्या रक्तावर म्युटेशनची तपासणीही करून घ्या. आकडा उतरताना दिसला आणि म्युटेशन नसलं तर कदाचित याच गोळीवर राहता येईल. चढताना दिसला तर औषध बदलायची वेळ आली आहे.

उपासाचाही हिशेब करू. महिन्यात चार सोमवार आणि दोन एकादशी म्हणजे सहा दिवस. सगळ्या दिवशी गोळी राहिली तर महिन्याच्या गोळ्यांपैकी ८० टक्केच पोटात जातात. निम्म्या वेळा राहिली तर ९०. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये सीएमएलच्या ८७ रुग्णांच्या औषधाच्या बाटल्यांना चिप असलेली झाकणं लावून कोण किती नेमाने गोळी घेतं ते मोजलं गेलं. २०१० साली प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष आम्ही प्रत्येक घरात सांगतो: ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांमध्ये सहा वर्षांत आकडा ०.१ च्या खाली जाण्याची शक्यता ९४.५ टक्के होती, ९० किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये २८.४ टक्के. ८० टक्के किंवा त्याखालच्या एकालाही तो टप्पा गाठता आला नाही.

बाबांचे उपास पहिल्या वर्षीही होते आणि तेव्हा आकडा उतरला, त्यामुळे फक्त उपासामुळे हे झालं असं म्हणणार नाही. पण टीबीच्या औषधाने आधीच तूट असताना वरून तीन-चार दिवस गोळी चुकणं महागात पडतं. उपास सोडायला सांगायची गरज नाही. इमॅटिनिब रिकाम्या पोटी घेतलं की मळमळतं, एवढीच अडचण आहे. सोमवारी संध्याकाळी उपास सोडल्यावर, जेवणाच्या शेवटी, मोठा पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी. एकादशीला भगर-आमटी किंवा साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली की तेच जेवण धरावं. सोपं म्हणजे रोजची गोळीच रात्रीच्या जेवणानंतर ठेवा, मग उपासाचा दिवस वेगळा उरत नाही. गोळी घेतल्यावर लगेच आडवं होऊ नये, जळजळ होते. विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा खाऊन घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

आता ‘सवय होते’ म्हणजे काय ते. शरीराला सवय होत नाही, पेशींची जात बदलते. निदान होतं तेव्हा अंगात आजाराच्या पेशी सुमारे एक लाख कोटी असू शकतात. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. या पेशींत डीएनएची मोडतोड निरोगी पेशींपेक्षा जास्त होते, म्हणून चुकाही जास्त. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. एखादी चूक नेमकी बीसीआर-एबीएलच्या त्या खाचेत होते. तुमच्या उसातलंच बघा: तणनाशक मारल्यावर जे तण उभं राहतं ते फवाऱ्याने जन्माला घातलेलं नसतं, ते आधीपासून त्या सरीत होतं, बाकीचं मेल्यावर त्याला जागा मिळाली. इमॅटिनिबही म्युटेशन घडवत नाही, असलेलं निवडतं. आकडा ०.१ वर आला म्हणजे पेशी हजारपटीने घटल्या, पण तरीही ढोबळ हिशेबाने शंभर कोटी उरतात. त्यांत काही थोड्या बदललेल्या असणं अजिबात नवलाचं नाही. औषध पूर्ण दाबात असतं तेव्हा साध्या पेशींचं विभाजन रोखलं जातं आणि नव्या चुकांना वाव कमी मिळतो. दाब कमी पडला की विभाजन वाढतं, नव्या चुका होतात, आणि ज्यांना थोडं औषध चालून जातं अशा पेशी पुढे सरकतात. तूट आणि म्युटेशन या दोन गोष्टी म्हणूनच हातात हात घालून येतात.

एक बदल जवळून बघण्यासारखा आहे. या प्रथिनात ३१५ व्या जागी थ्रिओनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्याच्या एका ऑक्सिजनशी इमॅटिनिबचा हायड्रोजन बंध जुळतो आणि औषध पक्कं बसतं. जनुकातल्या ९४४ व्या अक्षराच्या जागी ‘सी’ऐवजी ‘टी’ आला की थ्रिओनिनच्या जागी आयसोल्युसिन येतं. त्याला तो ऑक्सिजन नाही, म्हणून बंध गेला. शिवाय त्याची बाजूची साखळी जाड असते, तिचा फुगवटा नेमका खाचेच्या तोंडाशी येतो, म्हणून औषधाला आत शिरायची वाटच उरत नाही. प्रथिनाचं स्वतःचं काम मात्र सुरळीत चालतं. या बदलाला टी३१५आय म्हणतात. अमेरिकेत चार्ल्स सॉयर्स यांच्या प्रयोगशाळेने तो २००१ साली, इमॅटिनिबला तिथे मान्यता मिळाली त्याच वर्षी, रुग्णांमध्ये दाखवून दिला. एका अक्षराचा फरक, आणि इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब ही चारही औषधं निकामी होतात.

बाकीचे बदल वेगळ्या तऱ्हेने काम करतात. इमॅटिनिब या प्रथिनाच्या फक्त मिटलेल्या, निष्क्रिय आकारालाच धरू शकतं. वाय२५३एच, ई२५५के अशा बदलांमुळे प्रथिन तो आकार घ्यायचंच टाळतं. असे बदल पन्नासहून अधिक जागी सापडले आहेत, पण रोजच्या कामात त्यातले मोजकेच पुन्हा पुन्हा दिसतात.

आणि पुष्कळदा म्युटेशन सापडतच नाही, साधारण निम्म्या किंवा त्याहूनही जास्त रुग्णांत. तेव्हा काही पेशींनी बीसीआर-एबीएल जनुकाच्या जादा प्रती केलेल्या असतात, त्यामुळे तेवढं औषध पुरत नाही. काहींमध्ये औषध आत आणणारं ओसीटी१ हे प्रथिन कमी असतं, किंवा बाहेर फेकणारा पंप जास्त चालतो. काही पेशी लिनसारख्या दुसऱ्या एन्झाइमच्या जोरावर वाढायला शिकतात. अस्थिमज्जेतल्या सुप्त मूळ पेशींना तर जगण्यासाठी बीसीआर-एबीएलची गरज फारशी लागतच नाही. रिपोर्टात ‘म्युटेशन नाही’ आलं म्हणून ‘सगळं ठीक आहे’ असा अर्थ काढू नका. आकडा चढत असेल तर औषध तरीही बदलावं लागतं.

तपासणीत काय चुकतं ते सांगतो, कारण सांगलीकडून नमुना पुण्या-मुंबईला जाताना त्याची नासाडी होऊ शकते. रक्त दंडातून घेतलेलं चालतं, निदान १० मिलिलिटर हवं, आणि नळी ईडीटीएची, म्हणजे जांभळ्या टोपणाची. हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळी नको, हेपॅरिनमुळे पीसीआरची, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून मोजण्याची, प्रक्रिया अडते. आरएनए, म्हणजे जनुकाची जी नक्कल मोजायची ती, लवकर तुटतो, म्हणून रक्त काढल्यापासून २४ तासांत, फार तर ४८ तासांत ते लॅबमध्ये पोचावं. सोमवार ते बुधवार सकाळी रक्त द्या. शनिवारी दिलं तर रविवार कुरिअरच्या गोदामात जातो. नमुना थंड ठेवायचा, पण गोठवायचा नाही, बर्फाला नळी थेट टेकू देऊ नका. रिपोर्ट हातात आल्यावर दोन गोष्टी बघा. आकड्यापुढे ‘आयएस’, म्हणजे आंतरराष्ट्रीय मोजपट्टी, असं लिहिलंय का. ते नसेल तर वेगळ्या लॅबच्या रिपोर्टशी तुलना करता येत नाही. आणि एबीएल या तुलनेच्या जनुकाच्या प्रती १०,००० च्या वर आहेत का. खूप कमी असतील तर नमुना खराब झालेला होता. शक्यतो लॅब बदलू नका. म्युटेशनसाठी नव्या पिढीची सिक्वेन्सिंग पद्धत परवडत असेल तर ती घ्या, तीन-चार टक्के इतका लहान वाटाही तिला दिसतो. डॉक्टर अस्थिमज्जेची तपासणीही सांगतील. ती टाळू नका. गुणसूत्रांत आणखी काही बदल झालेत का आणि अपरिपक्व पेशी वाढल्यात का हे तिथेच कळतं.

काकांच्या दोन गोळ्यांबद्दल: आपल्या मनाने मुळीच नको. पूर्वी ४०० चे ६०० किंवा ८०० करून बघायचे. आता बरी औषधं हाताशी असल्याने आकडा १ च्या वर गेल्यावर ते करत बसत नाहीत. टी३१५आय असेल तर कितीही गोळ्या दिल्या तरी ढिम्म फरक पडणार नाही, पायांना सूज, पेटके आणि पेशी घटणं तेवढं पदरात पडेल. बाबांच्या रक्तात आज औषध किती आहे ते मोजता येतं. आदल्या गोळीनंतर २४ तासांनी, पुढची गोळी घेण्याआधी, मिलिलिटरमागे साधारण १,००० नॅनोग्रॅम असावं अशी अपेक्षा असते. सोय असेल तर डॉक्टरांना विचारा, पण ही पातळी आजची असेल, टीबीच्या काळातली नव्हे, हे लक्षात ठेवा.

चुलतभावाला सांगा, स्वस्त गोळीचा दोष नाही. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेकच्या, म्हणजे मूळ कंपनीच्या इमॅटिनिबच्या, पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतात जेनेरिक इमॅटिनिबचा मार्ग पक्का झाला. तेव्हा मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास खर्च येई, जेनेरिक आठ-दहा हजारांत मिळे. तुमच्या बाबांचा आकडा याच स्वस्त गोळीवर ०.०९ पर्यंत आला होता, याहून वेगळा पुरावा कशाला हवा? गोळी पावतीने घ्या, स्ट्रिपवरची तारीख बघा, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. एवढं पुरे.

पुढचं औषध रिपोर्टावर ठरतं आणि बाबांच्या मधुमेहावरही. वाय२५३एच, ई२५५के किंवा एफ३५९व्ही आला तर निलोटिनिब कमी पडतं, डॅसॅटिनिब चालतं. एफ३१७एल किंवा व्ही२९९एल आला तर उलट, डॅसॅटिनिब नको. बोसुटिनिब व्ही२९९एल आणि जी२५०ई या दोन्हींत कमजोर आहे. म्युटेशन नसेल तर निवड माणसाकडे बघून करायची. निलोटिनिबने रक्तातली साखर वाढते आणि पायांच्या, हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात, त्यामुळे मधुमेही माणसाला ते देताना आम्ही तरी दहादा विचार करू. शिवाय ते रिकाम्या पोटी घ्यावं लागतं, दोन तास आधी आणि एक तास नंतर काही खायचं नाही, तेही दिवसातून दोनदा. डॅसॅटिनिब बहुधा १०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, जेनेरिकही मिळतं. त्याने छातीत पाणी होऊ शकतं, म्हणून नवा दम लागला तर लगेच एक्स-रे काढावा. टीबी नुकताच झालेल्या माणसात छातीत पाणी दिसलं की सगळे टीबी परतला असं धरतात, तेव्हा गोळीचं नाव तिथे आवर्जून सांगा. डॅसॅटिनिबसोबत ॲसिडिटीची ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल ही औषधं चालत नाहीत, शोषण कमी होतं. ही सवय बऱ्याच घरांत असते, बाबांना असेल तर आजच सांगा.

टी३१५आय आला तर पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिब. पोनॅटिनिब ४५ मिलिग्रॅमने सुरू करून आकडा १ वर आला की १५ वर आणतात, कारण त्याने हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. सुरू करण्याआधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आटोक्यात आणायचं, तंबाखू असेल तर बंद. ॲसिमिनिब अगदी वेगळ्या जागी, खाचेपासून दूर प्रथिनाच्या पाठीमागच्या एका कप्प्यात बसतं, म्हणून ३१५ व्या जागेचा फुगवटा त्याला आडवा येत नाही. टी३१५आयसाठी त्याचा डोस मोठा असतो, २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दोन्ही महाग आहेत आणि तालुक्याच्या दुकानात सहज मिळणारी नाहीत. टी३१५आय आल्यास बाबांच्या सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे बोन मॅरो जुळतो का याची तपासणी, लवकर करून ठेवा. प्रत्येक सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक असते. बोन मॅरो प्रत्यारोपण लागेलच असं नाही, पण लागलं तर शोधाशोधीत महिने जायला नकोत.

एक औषध काही दिवस, दुसरं काही दिवस असं आलटून पालटून घेऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी. एकाच जनुकावर दोन बदल जमा होतात आणि मग पोनॅटिनिबसुद्धा हात टेकतं.

गुळवेलीचा काढा चालू असेल तर थांबवा. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत, आणि ही सगळी औषधं यकृतावरच अवलंबून असतात. ग्रेपफ्रूटचा रस टाळा, त्याने औषध रक्तात साचतं. पपनस त्याच कुळातलं, तेही टाळलेलं बरं.

पैशांचं: हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो. म्युटेशनची तपासणी आणि पुढची गोळी योजनेत बसते का ते त्याला आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागालाही भेटा, कंपन्यांच्या मदत योजना आणि ट्रस्ट त्यांना माहीत असतात. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये दुसरं मत घ्यायचं ठरवलंत तर पहिल्या दिवसापासूनचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, टीबीचं कार्ड त्यातच.

नवी गोळी सुरू झाली तर पहिले दोन-तीन महिने दर पंधरा दिवसांनी सीबीसी, आणि बीसीआर-एबीएल तिसऱ्या महिन्यात. तेव्हा तो १० च्या आत, सहाव्या महिन्यात १ च्या आत हवा, निकष पहिल्या औषधासारखेच. मधल्या काळात ताप, रात्रीचा घाम, डाव्या बरगडीखाली जडपणा, हाडांत दुखणं, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर निळे डाग यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सीबीसी करून डॉक्टरांना फोन करा.